विंकोची गढी कशी राखावी

नलाबोरचा पेट्रोल पंप
११ मे

आई,

तुझं पत्र मिळालं. ईस्टरपासून फोन उचलत नाहीस आणि आज एकदम पाकीट! सेदूनाहून दूध घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने काउंटरवर टाकलं. तुझं अक्षर बघितलं आणि गिऱ्हाईक तसंच सोडून पाकीट फोडलं, खोटं कशाला सांगू. आणि आत काय, तर चार ओळी. "विंकोचा तो लढायांचा गेम लावला आहे. गढीला सारखा वेढा पडतो. गढी कशी राखायची ते लिही. फोन करू नकोस." कसा आहेस नाही, जेवतोस का नाही. बरं बाई.

जेवतो. खिमा भरलेला मीट-पाय आणि सॉस. रोज तेच.

तू आणि गेम! टीव्हीचा रिमोट घ्यायचा तर आधी एप्रनला हात पुसणारी तू. हसलो मी, आई. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसलो, आणि मग पंपामागे जाऊन रडलो. ते जाऊ दे.

आता ऐक. तू चालवतेस तो राजा माझा आहे, म्हणून त्याचं नाक वाकडं. गढीच्या दारात उभा असतो तो विंको. त्या शिलेदाराला त्यानेच आपला चेहरा दिला, आपलं नाव दिलं आणि तुझं वाक्य त्याच्या तोंडी घातलं. राजा दारात आला की तो म्हणतो, "वाळू बाहेर झटक, मग आत ये." हे तू ऐकलंच असशील. मला वाटतं त्यासाठीच तू रोज लावतेस.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. सुरुवातीला "मरण चालू" की "मरण बंद" असं तो गेम विचारतो. आम्ही दोघा भावांनी शहाणपणा करून "चालू" केलं होतं, आणि ते मागाहून बदलता येत नाही. गढी पडली आणि विंको आत असला तर तो मरेल, कायमचा. म्हणजे गढी राखायचीच.

गढी भिंतींवर टिकत नाही, धान्यावर टिकते. कोठार आधी भर. खालच्या दोन कोळीवाड्यांतून मासळी आणि धान्य येतं, ते वाडे लुटले गेले की वर उपास. म्हणून गढीत बसून राहू नकोस, वाड्यांच्या वाटेवर पन्नास स्वार फिरते ठेव. आणि लढाईच्या आधी आणि नंतर "जतन करा" दाबायचं. दर वेळी. आमच्या हाताला ती सवयच लागली होती. जतन केलेल्यांची यादी निघते, त्यात सगळ्यात वरचं उघडायचं. खालची जुनी उघडू नकोस, उगाच गोंधळ होईल.

फोन नाही करत. पण लिहीत जा.

निकशा

३ जून

आई,

सहाशे? त्या एवढ्याशा गढीत सहाशे माणसं कोंबलीस? अगं, तिथे अडीचशेच्या वर एक माणूस ठेवायचा नसतो! "जास्त माणसं म्हणजे जास्त राखण" असं तुला वाटलं. मग कित्येक उपाशी मेली, पळाली, आणि वर लिहितेस की कोठारातलं धान्य कोण चोरतं. कुणी चोरत नाही, तूच जेवायला बोलावलंस. नावाड्यांच्या सणाला तू असंच करायचीस, वीस जणांचा रस्सा आणि साठ जणांना निरोप. बाबा दारात उभे राहून येणाऱ्यांना मोजायचे आणि देवाचं नाव घ्यायचे.

बरं, अडीचशेच्या वरचे सगळे बाहेर काढ. धनुर्धारी जास्त ठेव, भालेकरी दारापुरते.

दुसरं म्हणजे पकडलेल्या सरदाराचं डोकं उडवलंस ते वाईट केलंस. "त्याने विंकोच्या गढीवर दोनदा चाल केली" हे कारण मला पटतं, पण त्याच्या भाऊबंदांना पटत नाही ना. आता त्याचे सगळे नातेवाईक तुझ्यावर उठतील. कैदी धरायचा, थोडे दिवस ठेवायचा, सोडून द्यायचा. त्याने आपलं नाव होतं, माणसं जवळ येतात. राज्य असंच वाढतं. रागाने एकही गाव मिळत नाही.

हे मी तुला शिकवतोय! बाबांच्या बोटीला धडक देणाऱ्या त्या माणसाला तू बारा वर्षं नमस्कार केला नाहीस.

विचारतेस म्हणून सांगतो, इथे बरं आहे. रस्ता सरळ, झाड नाही. समुद्र तीस किलोमीटरवर आहे, मी गेलेलो नाही. जायचंही नाही.

निकशा

२१ जून

आई,

वेढा उठला ना? लिहिलं होतं ना मी! बाई, तू आता माझ्यापेक्षा बरी राणी झालीस. कोळीवाडे सांभाळलेस, माणसं कमी केलीस, आणि तो गोरा सरदार आपणहून तुझ्याकडे आला. आता त्याला काहीतरी दे. सगळ्या गढ्या स्वतःकडे ठेवू नकोस. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला पहिली गढी द्यायची, जवळच्याला नाही. नाहीतर तो वर्षभर हात चोळत बसतो आणि एक दिवस शत्रूला जाऊन मिळतो. फक्त विंकोची गढी विंकोकडे ठेव.

यादीतल्या वेळा कुठल्या ते विचारलंस. गेममधल्या नव्हेत, त्या आपल्या खऱ्या घड्याळाच्या. बोटीवर आमच्याकडे हातात धरायचं छोटं यंत्र असायचं, त्यावर खेळलेलंही धक्क्यावर आल्यावर आपोआप घरच्या यंत्रात चढायचं. म्हणून दोन्हीकडे एकच यादी. पण हे तुला कशाला हवंय? वरचं उघड आणि खेळ.

बार्बा यूरेचं, बोटीच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या आपल्या काकांचं, लिहिलंस. ते दर रविवारी सकाळी चर्चमधून सरळ आपल्या स्वयंपाकघरात येतात, टोपी मांडीवर ठेवतात आणि माफी मागतात. दर रविवारी. मी ते वाचलं. ट्रकवाले रांगेत होते, हॉर्न वाजवत होते, मी तसाच उभा राहिलो.

त्यांना म्हणावं, येऊ नका. तू कशाला घरात घेतेस? तुलाही त्रास, त्यांनाही. म्हातारा माणूस, हात आधीच थरथरतात. त्यांच्या शेडच्या दारावर कुणीतरी माशांची आतडी फेकतं हे मला माहीत नव्हतं. पोरंटोरं असतील. विसरतील लोक.

विंकोच्या अपघाताची चौकशी बावीस ऑगस्टला आहे म्हणतेस. मी यायची गरज नाही, माझा जबाब लिहून दिलेला आहे. त्याला खाली हवा पोचवणाऱ्या कॉम्प्रेसरची पेट्रोलची टाकी भरलेली होती, मोटर आपोआप बंद पडली. बार्बा यूरेंनी आठवड्यापूर्वीच पेट्रोलचा नवा कॉक बसवला होता. ते मुद्दाम करतील असं कुणीच म्हणत नाही, आई. चूक होते माणसाकडून.

निकशा

१४ जुलै

आई,

नाही, नाही, नाही. लढाई यंत्रावर सोडायची नाही! ते बटण दिसतं ना, "सैन्याला पाठवा", ते तुझ्यासारख्या घाईच्या माणसांसाठी ठेवलेला सापळा आहे. यंत्र नुसती माणसं मोजतं. तुझ्याकडे दोनशे, त्यांच्याकडे पाचशे, की हरलीस. पण बुरुजावर आपण स्वतः उभं राहिलं तर दोनशे पाचशेंना पुरतात. शिडी लागली की ती ढकलायची, तेल ओतायचं, दरवाजामागे भालेकरी दाटून उभे करायचे. मध्ये हात काढायचा नाही. एकदा यंत्र हातात घेतलं की वेढा उठेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही, डोकं खाजवायचं नाही, काही नाही. चार मिनिटांचं काम असतं, पण त्या चार मिनिटांत नजर हलली की गेली गढी.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. दोन दिवसांनी पुढे लिहितोय.

तीन सरदार एकत्र येतायत म्हणालीस. मग माझं ऐक आणि विंकोला गढीतून बाहेर काढ. राजाबरोबर घे, दक्षिणेला ने. गढी काय, आज गेली तर उद्या परत घेता येते. "तो घरीच राहील, त्याला मी कुठे पाठवणार नाही," म्हणतेस. अगं, घरात ठेवल्याने माणूस वाचत नाही! भिंत पडली की घरातच मरतो!

रागावू नकोस. मी ओरडतोय ते तुझ्यावर नाही.

त्याला बाहेर काढ, आई. एवढं एक ऐक.

निकशा

२९ जुलै

पाकिटात चौकशीचे कागद कशाला घातलेस? मी गेमबद्दल लिहितो, तू गेमबद्दल लिही. असं ठरलं होतं.

विंकोच्या मनगटावरच्या, बुडी नोंदवणाऱ्या घड्याळात तो वर आल्याची वेळ दहा एकेचाळीस आहे. वाचलं मी. त्याखाली तू पेन्सिलीने रेघ मारलीस ती पण बघितली. अठरा मीटरवरून एका दमात वर आला, फुप्फुसं फाटली, हे मला वाचायला लावतेस? मी तिथे होतो. मी त्याला ओढून घेतलं. तू नव्हतीस तिथे.

टाकी भरलेली होती. पोलिसांनी झाकण उघडून बघितली, भरलेलीच होती.

गढीचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

नि.

८ ऑगस्ट

आई,

दहा दिवस तुझं काही आलं नाही. रोज दुधाच्या ट्रकची वाट बघतो. आज त्याने लांबूनच मान हलवली.

मी काल समुद्रावर गेलो. कड्यावर उभा राहिलो, खाली सगळं पांढरं फेसाळ. परत आलो. आता लिहितो. मध्ये थांबलो तर परत लिहिणार नाही, म्हणून अक्षर कसंही येईल.

त्या दिवशी दुसरी बुडी होती. समुद्र एकदम सपाट. बेटामागच्या खडकांवर अबलोन शिंपले भरपूर होते आणि विंको खुशीत होता. नळी तोंडात धरायच्या आधी म्हणाला, "माझ्या गढीकडे लक्ष ठेव रे, तो दाढीवाला येतोय." छोटं यंत्र त्यानेच माझ्या हातात दिलं. म्हणजे त्याच्यावर ढकलतोय असं नाही. ते फक्त खरं आहे.

माझं काम तुला माहीत आहे. बाबा तेच करायचे, तू त्यांना डबा बांधून द्यायचीस. बोट बुडबुड्यांच्या मागे ठेवायची, नळी मोकळी ठेवायची, कॉम्प्रेसरच्या टाकीत पेट्रोल घालत राहायचं. बस्स. पहिल्या बुडीनंतर टाकी भरायची असते. मी भरली नाही. वेढा सुरू झाला होता, मला वाटलं ही लढाई संपली की भरू, अजून अर्धी असेल.

कानात तुताऱ्या वाजत होत्या. कॉम्प्रेसर बंद पडला तो मला ऐकू आला नाही. पण पायाखालची थरथर थांबली ते कळलं. आई, ते कळलं मला. मनात म्हटलं, राखीव हवा आहे, तीन-चार मिनिटं पुरेल, तेवढ्यात ही एक शिडी पाडून टाकतो. विंकोच्याच गढीला ती शिडी लागली होती. मी शिडी पाडली. मग मान वर केली, तर तो पाण्यावर होता. मी यंत्र फेकलं आणि उडी मारली.

तो गेलेलाच होता. मी त्याला डेकवर घेतलं, तोंडात हवा भरली, छाती दाबली. मग थांबलो. मग लाल डबा उचलला आणि टाकीत पेट्रोल ओतलं, पार वरपर्यंत. तो माझ्या पायाशी होता. त्याचे डोळे मी मिटले, पण त्याआधी टाकीचं झाकण लावलं. मग रेडिओवर बोललो.

बार्बा यूरेचा कॉक चांगला होता. मोटर चांगली होती. सगळं चांगलं होतं.

मी पळालो तो दुःखाने नाही. धक्क्यावर बार्बा यूरे माझ्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "निकशा, मला माफ कर." तेव्हा मी "असू दे" म्हटलं. असू दे! त्यानंतर मला तिथे उभं राहता येईना.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजेन. पण तूच सांग त्यांना. मला जमणार नाही. हे पत्र दाखव त्यांना, चौकशीवाल्यांना दाखव, ज्यांना दाखवायचं त्यांना दाखव. मी सगळं लिहिलं आहे. आता काही उरलं नाही.

आणि गढीचं लिही. तो आहे का अजून?

निकशा

पोर्ट लिंकन
१५ ऑगस्ट

निकशा,

मला लांब लिहिता येत नाही, तुझ्यासारखं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी विंकोची खोली झाडायला घेतली. यंत्र पुसताना चालू झालं. यादी आली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तारीख वाचता येते. गेल्या वर्षीची चौदा मार्च त्यात दिसली. तो दिवस मी ओळखणार नाही का? तेव्हापासून तुझा फोन उचलला नाही. उचलला असता तर तुझा आवाज ऐकून मी विरघळले असते.

गढीचं विचारलं, कारण दुसरं काही विचारलं असतं तर तू पहिल्याच पत्रात खोटं बोलला असतास. गढीबद्दल तू खरं बोलतोस. मला वाटलं, बोलत राहिलास तर कधीतरी तिथे येशील. तीन महिने लागले. दर रविवारी यूरे माझ्या टेबलाशी बसून रडायचे आणि यादीतलं मी त्यांना सांगितलं नाही. त्याचं पाप माझ्यावर आहे, ते मी कबूल करीन. त्यांना मी म्हणायचे की तुमचा दोष नाही. ते मान हलवायचे, म्हणायचे, "नेदा, तुझं मन मोठं आहे." मी उठून भांडी घासायला लागायचे.

तू सगळं लिहिलंस म्हणतोस. सगळं नाही लिहिलंस. मान वर केली, यंत्र फेकलं, उडी मारली, असं लिहिलंस. मी तूच सांगितलेलं पुन्हा वाचलं. लढाईच्या आधी आणि नंतर जतन करा. वेळ खऱ्या घड्याळाची. त्या दिवशीची शेवटची नोंद मी तुझ्यासाठी इथे लिहिते. "चौदा मार्च. दहा चव्वेचाळीस. वेढा उठला."

विंकोच्या घड्याळात दहा एकेचाळीस आहे.

तीन मिनिटं तो पाण्यावर होता, निकशा. तू त्याला बघितलं नसशील, असं मी रोज स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही. त्या तीन मिनिटांत तो वाचला असता का, ते मला ठाऊक नाही. तुला ती ठाऊक आहेत, एवढं ठाऊक आहे. मला पत्रात ती नको आहेत. पत्रात लिहिणं सोपं असतं, समोर कुणी टोपी मांडीवर घेऊन बसलेलं नसतं.

गढी उभी आहे. तीन सरदार आले होते. तू सांगितलंस तसंच केलं, बुरुजावर स्वतः उभी राहिले, दुसरीकडे बघितलं नाही. गॅसवर रस्सा करपला, वास आला, तेव्हा यंत्र खाली ठेवलं आणि उठले. दोन भिंती पडल्या. विंकोला बाहेर काढायला मी दहा वेळा दारात गेले, दर वेळी तो वाळू झटकायला सांगतो. शेवटी काढला. तो आता राजाबरोबर दक्षिणेला आहे, आणि मी ते बंद करून ठेवलं आहे. परत लावणार नाही.

बावीसला सकाळी दहा वाजता. मी यूरेच्या शेजारी बसणार आहे. तुझ्यासाठी जागा राखणार नाही, पण तू ये. दूधवाला सेदूनापर्यंत आणेल, पुढे कुणीही आणेल. तुझी ती तीन मिनिटं तुझ्या तोंडाने सांग, त्यांच्याकडे बघून सांग. त्यानंतर घरी यायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही, विचारू नकोस.

यंत्र आणि तुझं पत्र मी बाजाराच्या पिशवीत घातलं आहे. पिशवी मांडीवर असेल. तू बोललास तर मी ती उघडणार नाही.

आई